पाच हातांचं तोरण

या गावाचं नाव सांगत नाही. साखरखेर्ड्यापासून दीड कोसावर आहे, एवढं पुरे. नाव घेतलं की तिथली माणसं भांडायला येतात, आणि भांडून झालं की जेवू घातल्याशिवाय सोडत नाहीत. मला सध्या दोन्हीला वेळ नाही.

तर या गावात निवृत्ती माळ्याची बायको झुंबरबाई. उंचीनं एवढीशी. ज्वारीत शिरली की कणसं हलायची, त्यावरून ओळखायचं बाई कुठे आहे ते. पण आवाज असा, की नाल्याच्या अलीकडून तिनं "आवं!" म्हटलं की पलीकडच्या तीन बायका "काय व?" म्हणून मागे वळायच्या. नवरा अगदी उलटा. उंचच उंच, लांब हातापायांचा, आणि दिवसभरात जे काय बोलायचा ते बैलांशी. नाल्याकाठी त्यांचा अडीच एकरांचा मळा होता. त्यात वांगी, मेथी, लसूण, आणि बांधाबांधानं झेंडू. वांगी निवृत्तीची, झेंडू झुंबरबाईचा, अशी त्यांच्यात न बोलता झालेली वाटणी होती.

दसऱ्याला दारोदार झेंडूचं तोरण चढतं, आणि या गावात ते कुणी उतरवत नाही. फुलं सुकतात, काळी पडतात, चिमण्या पाकळ्या ओढून नेतात, तरी पुढच्या दसऱ्यापर्यंत तोरण दारावरच. मधेच काढलं तर घराची बरकत जाते म्हणतात. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तोरण विकायचं ते हातावर. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, आणि साध्या दाराला पाच हात. दसऱ्याच्या सकाळी झुंबरबाई पारावर बसायची, ओवलेली माळ कोपराला लावायची आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं मोजायची, "एक! दोन! तीन! चार! पाच!" मग मान दुसरीकडे वळवायची, तोंडातून चकार शब्द न काढता आणखी एक हात माळ सोडायची, आणि तिथे गाठ मारून दोरा तोडायची.

हा सहावा हात तिच्या सासूनं लावून दिला होता. सासू सुभद्राबाई. खाष्ट म्हणजे किती खाष्ट, तर तिच्या भाकरीला फुगायची भीती वाटायची असं लोक म्हणत. सात वर्षांमागे ती वारली तेव्हा झुंबरबाई रडली, पण रीत म्हणून रडली. खोटं कशाला बोला. लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला सासूनं तिला समोर बसवून सांगितलं होतं, "पाच गिऱ्हाइकाचे. सहावा देवाचा. देवाचा मोजायचा नाही अन् कोनाजवळ बोलायचा नाही. बोलला का तो देवाचा राह्यत नाही, आपला होते." झालं. सतरा वर्षं झुंबरबाईनं तो सहावा हात दिला आणि नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

आता शाळेकडे वळू.

महाराष्ट्र राज्य होऊन दीडेक वर्ष झालं होतं, आणि गावात भाऊराव गुरुजी नवे आले होते. मलकापूरचे. आगगाडीच्या गावचा माणूस, त्यामुळे घड्याळाचा पक्का. घंटा वाजली नाही तोच हजेरी सुरू. चार वर्ग आणि गुरुजी एकटे. त्यांना सरकारकडून एक लाकडी मीटरपट्टी आली. पोरांना आधी वाटलं, ही मारायची आहे. गुरुजी म्हणाले, "ही मोजायची आहे. आता देशात वार, गज, हात सगळं जाणार, मीटर येणार. जायच्या आधी आपण आपल्या गावाचा हात मोजून ठेवू."

आणि चौथीच्या वर्गात पुढचा महिनाभर हातच हात झाला. गणिताच्या तासाला पोरं गावात हिंडून मोठ्या माणसांचे हात मोजायची, आणि परत येऊन बेरीज, भागाकार, सरासरी. भूगोलात गावाचा नकाशा, आणि कोणत्या घरात किती लांब हात ते त्यावर. विज्ञानात कोपरात हाडं किती, बोटांत किती. इतिहासात, पूर्वीच्या राजांनी मापं कशी ठरवली. चित्रकलेला भिंतीवर गेरूनं हातांचे ठसे काढायचे. भाषेच्या तासाला प्रत्येकाच्या हाताबद्दल चार ओळी लिहायच्या, हा हात काय काय करतो. एका पोरानं लिहिलं, "माझ्या बाबांचा हात सत्तेचाळीस सेंटीमीटर आहे. तो मला रोज लागतो." गुरुजींनी तेसुद्धा चांगलं म्हणून भिंतीवर लावलं.

झुंबरबाईची शालू याच वर्गात. वय दहा, अंगानं बापावर गेलेली, जिभेनं आईवर. या पोरीला प्रश्न पडायचे ते थांबायचेच नाहीत. "माय, मेथीले तीन-तीनच पानं काऊन?" "माय, वांग्याच्या डोक्यावर टोपी कायले?" झुंबरबाई म्हणायची, "तुह्या तोंडाले टोपी घालाले पाह्यजे," आणि मनातून खूश व्हायची. चौथीनंतर हिला पाचवीला साखरखेर्ड्याला पाठवा, असं गुरुजींनी निवृत्तीला सांगितलं होतं. निवृत्तीनं हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं; म्हणजे सगळं झुंबरबाईवर होतं. तिचं मनही हळूहळू वळत होतं.

शालू मीटरपट्टी घेऊन घरी आली तेव्हा झुंबरबाईनं स्वतः बाही वर सारली. "मोज, मोज. या हातानं अर्धं गाव सजवलं हाये."

"अडतीस," शालू म्हणाली आणि वहीत मांडलं.

"चांगलं का वाईट?"

"माय, ते नुसतं किती हाय ते असते. चांगलं-वाईट नसते त्याच्यात."

पोरीला वाटत होतं तसं. पण गावात जे मोजलं जातं त्याचं चांगलं-वाईट झाल्याशिवाय राहतं का?

पोरांनी चौसष्ट माणसांची यादी शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर मांडली, मोठ्यापासून लहानापर्यंत. सगळ्यांत वर रंगराव पैलवान, एकावन्न. खाली लाल रेघ मारून 'गावाचा हात, सरासरी पंचेचाळीस'. आणि अगदी तळाला, चौसष्टाव्या नंबरावर, झुंबरबाई निवृत्ती माळी, अडतीस.

गावात दुसरी फुलवाली होती अन्नपूर्णाबाई. निवृत्तीच्या चुलतभावाची बायको, म्हणजे झुंबरबाईची चुलत जाऊ. तिच्या तिसरीतल्या लेकानं यादी वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर ही बाई घागर काठावर टेकवून म्हणाली, "आता समजलं व माय! मीबी म्हनलं, झुंबरचे हार एवढ्या लवकर कसे ओवून होते. हातच आखूड! तोंडानं म्हनाचं पाच, अन् मापात द्याचे चार!"

आता हे ती हसत म्हणाली की जळून म्हणाली, तिचं तिला माहीत. विहिरीवरची गोष्ट घरी पोचेपर्यंत दुप्पट होते. चार दिवसांनी एक बाई पूजेच्या हारासाठी झुंबरबाईच्या दारात आली आणि आपला लांबडा हात पुढे करून म्हणाली, "बाई, राग नका मानू, पन आज माह्या हातानं मोजा."

झुंबरबाईनं मोजून दिला. बाई गेली. आणि झुंबरबाई तिथेच ओट्यावर बसून राहिली. सतरा वर्षांत तिच्या मापावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. सहावा हात अगदी जिभेच्या टोकावर आला होता. एक वाक्य बोललं असतं तर साऱ्या गावाची तोंडं बंद झाली असती. पण बोलला की तो देवाचा राहत नाही. सतरा दसऱ्यांचं पुण्य एका फुकट वाक्यात घालवायचं, आणि तेही अन्नपूर्णाच्या तोंडासाठी? तिनं ओठ गच्च मिटले. मग पोटातला जाळ कुठेतरी निघायला हवा होता, तो शाळेकडे निघाला.

वर्गात पाढे चालले होते. झुंबरबाई दारात उभी राहिली आणि वर्गातली एकोणीसही पोरं सतराच्या पाढ्याच्या मधोमध गप्प झाली.

"कोनतं शिक्शन हाय हे, गुर्जी? पोरीच्या हातानं मायचं नाक कापाचं?"

गुरुजींच्या हातातला खडू तसाच राहिला. "बाई, आम्ही कोणाला लबाड म्हटलं नाही हो. नुसतं मोजलं."

"नुसतं? गाव मले चोट्टी म्हनून राह्यलं, अन् तुमी म्हनता नुसतं?"

गुरुजींचा चेहरा उतरला. माणूस भला होता, त्याला हे सुचलंच नव्हतं. "मी आत्ता तो आकडा पुसतो."

"भितीवरचा पुसान, गुर्जी. लोकाच्या तोंडावरचा कसा पुसान?" तिनं शालूचं मनगट धरलं. "आजपासून इची शाळा बंद. अन् पाचवीचं तं नावच काढू नका. मळ्यात मोजाले लय वांगे पडले हायेत."

शालू रडत रडत गेली, पण पाटी छातीशी धरून गेली. निवृत्तीला संध्याकाळी कळलं तेव्हा तो बैलांच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवत उभा राहिला.

पहिल्या दिवशी शालूनं वांगी तोडली. दुसऱ्या दिवशी मेथी खुडली. पोरगी कामाला वाईट नव्हती. पण प्रश्न बंद झाले. एकही काऊन नाही, एकही कायले नाही. झुंबरबाईला मळा एकदम मोठा आणि सुनासुना वाटायला लागला. न राहवून तिनं स्वतःच विचारलं, "शाले, कांद्याले एवढे पदर काऊन असतीन व?" शालू म्हणाली, "मले काय माहीत," आणि खाली मान घालून खुडत राहिली. झुंबरबाईनं हातातली जुडी खाली ठेवली. पण माघार घेईल ती झुंबरबाई कसली.

तिसऱ्या दिवशी एका लग्नघरची माळ होती, पाच हात. झुंबरबाई ओट्यावर मोजायला बसली, शालू समोर फुलं निवडत होती. "एक. दोन. तीन. चार. पाच." मान दुसरीकडे वळली, माळ आणखी सुटली, गाठ बसली.

"माय," शालू म्हणाली, "सहा झाले."

"पाच."

"पन म्या पाह्यलं ना, सहा—"

"म्या म्हनलं ना पाच! अन् हे तोंडातून काढशीन त पाय, देवाची आन हाय तुले."

शालूनं तोंड मिटलं. तिनं आईच्या हाताकडे पाहिलं. मग माळेकडे. मग वर, चौकटीवरच्या सुकलेल्या तोरणाकडे. आणि तिचे ओठ हलायला लागले, आवाज न करता. झुंबरबाईला वाटलं, पोरगी रामराम म्हणते की काय. पोरगी अडतीसाचा पाढा म्हणत होती.

चौथ्या दिवशी दुपारी मेथीची टोपली बांधावर आणि शालू गायब.

झुंबरबाईनं हाका मारमारून नाला दणाणून सोडला. पोरगी नाही. तासाभरानं निवृत्ती गावातून आला, तिच्यासमोर उभा राहिला आणि एवढं मोठं वाक्य बोलला, की बैलांनीसुद्धा मान वर केली.

"शालूची माय, आपली शालू अन् शाळेचे सारे पोट्टे पुंजाजीच्या दारात तुहं तोरन मोजून राह्यले."

"काय?"

"बारा-तेरा दारं झाले म्हने." आणि त्याचा दिवसाचा साठा संपला.

झुंबरबाईचे हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले होते. तशीच पळत सुटली. तिच्या डोक्यात एकच, की आधी हात मोजला, आता तोरणं मोजून राहिले, म्हणजे गुरुजीनं पंचनामा मांडला, आणि माही पोट्टी त्यात साक्षीदार!

पुंजाजी गावातला मोठा जमीनवाला, म्हातारा, मिशांचा. त्याच्या दारापुढे निम्मं गाव जमलं होतं. दारात रंगराव पैलवान उभा होता, त्याच्या खांद्यांवर शालू, आणि शालूच्या हातात सुतळी. तोरण काढायचं नाही ना, म्हणून वरच्या वर सुतळी त्याला लावत लावत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत नेत होती. खाली गुरुजी मीटरपट्टी घेऊन, आणि बाकीची पोरं जमिनीवर पाट्या घेऊन.

"उतर खाली!" झुंबरबाई ओरडली. "रंगराव, उतरव तिले! गुर्जी, काही लाज-शरम? एवढं करून पोट नाही भरलं?"

रंगराव पैलवान, एकावन्न सेंटीमीटरचा, चार तालुक्यांत कुस्त्या मारलेला, तो घाबरून एक पाऊल मागे सरला आणि शालूनं त्याचे केस धरले.

"बाई," गुरुजी हात जोडून म्हणाले, "हे चौदावं दार. एवढं होऊ द्या. मग मला काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेतो."

"काल मधल्या सुटीत ही शालू शाळेच्या कुंपणाशी आली होती," ते गर्दीकडे वळून म्हणाले. "एवढंच म्हणाली की गुरुजी, हात मोजले, पण हातानं मोजलेलं मोजायचं राहिलं. मी म्हटलं, बरोबर आहे. माझीच चूक. अभ्यास अर्धा सोडला."

शालूनं वरून सुतळी सोडली. पोरांनी ती जमिनीवर ताणली, पट्टीला लावली. गाव पुढे झुकलं.

"दोनशे अठ्ठावीस!" बेबी नावाची चिमुरडी ओरडली. नाक सदा वाहतं, पण पाढे तिचे वर्गात सगळ्यांत पक्के.

"तेरा दारांवर किती निघाले होते?"

"दोनशे सव्वीस ते दोनशे तीस, गुर्जी! सारे तेवढेच!"

"आणि गावाचा हात पंचेचाळीस. पाच हात म्हणजे?"

"दोनशे पंचवीस!"

गुरुजींनी गर्दीकडे पाहिलं. "म्हणजे झुंबरबाईंचं पाच हातांचं तोरण गावाच्या पाच हातांपेक्षा तीन सेंटीमीटर मोठंच आहे. कमी कुठेच नाही. एकाही दारावर नाही."

मागून कुणीतरी विचारलं, "अन् अन्नपूर्णाबाईचं?"

"रंगरावाच्या दारावर आहे त्यांचं. दोनशे वीस."

असा हशा पिकला की पुंजाजीच्या गोठ्यातली वासरं दावणीला ओढ घ्यायला लागली. अन्नपूर्णाबाई गर्दीतच होती. तिनं पदर तोंडाशी घेतला आणि विहिरीची वाट कुठून आहे ते शोधायला लागली.

झुंबरबाईला काही समजत नव्हतं. ती चिखलाचे हात तसेच पुढे धरून उभी होती. भांडायला आलेल्या माणसाला भांडण सापडेनासं झालं म्हणजे कसं होतं, तसं तिचं झालं.

"पण पोरांनो," गुरुजी म्हणाले, आणि आता त्यांनाही राहवेना, "हात अडतीसचा. पाच वेळा अडतीस किती?"

"एकशे नव्वद!"

"मग दोनशे अठ्ठावीस आले कुठून?"

पोरं पाट्यांवर तुटून पडली. पाटीच्या पेन्सिली करकरल्या. शालू वरच, पैलवानाच्या खांद्यावर, ओठ गच्च मिटून. तिला उत्तर माहीत होतं, पण तिला देवाची आण होती.

"सहा!" बेबी किंचाळली. "गुर्जी, अडतीस सक दोनशे अठ्ठावीस! बाकी शून्य!"

सतरा वर्षं झुंबरबाईनं ज्याचा उच्चार केला नव्हता, ते एका शेंबड्या पोरीनं भागाकारानं बाहेर काढलं. बोललं कुणीच नव्हतं, आणि तरी साऱ्या गावाला कळलं होतं.

पुंजाजी मिशा पुसत हसायला लागला. "म्या तं वीस वर्षांपासून पाहून राह्यलो बाप्पा! आधी सुभद्रा पाच मोजे अन् पाचच दे. ही सून आली तवापासून सहा. मले वाटलं, इले मोजता येत नाही. बोललो असतो तं बंद नसतं केलं? म्हून गुमान घेत गेलो."

"माहीबी तेच!" "मीबी!" चहूकडून आवाज आले. बेट्यांनो! अर्ध्या गावाला माहीत होतं, आणि फुकटचं चालू राहावं म्हणून सगळे मिठाची गुळणी धरून बसले होते. आणि चार दिवस तिला चोट्टी म्हणताना तोंडं बरी उघडली.

पण झुंबरबाईच्या कानात पुंजाजीचं एकच वाक्य अडकलं होतं. ती त्याच्यापुढे गेली. "आजोबा, काय म्हनलं तुमी? माही सासू पाचच दे?"

"पाचच."

"असं कसं? सहावा देवाचा असते. माळ्याची रीतच हाय ते. तिनंच मले सांगतलं." ती गर्रकन वळली. "अन्नपूर्णाबाई, तुमी देता ना सहावा?"

अन्नपूर्णाबाई वरमलेली होती, पण खोटं बोलली नाही. "आमच्यात नाही व अशी रीत, झुंबर. माह्या सासूनं कधी दिला नाही, का तुह्या सासूनं दिला नाही. त्या दोघी जावा एकाच पारावर बसत, म्या पाह्यलं हाये. पाच म्हनजे पाच."

आणि मग झुंबरबाईला तो पहिला दसरा आठवला. नवी नवरी, चौदा वर्षांची, हिरवा चुडा भरलेला. सासूनं तिला जवळ बसवून तिचा हात धरला होता. आपलं कोपर तिच्या कोपराला लावून आपला हात तिच्या हाताशेजारी ठेवला होता. बराच वेळ दोन्ही हातांकडे पाहिलं होतं. झुंबरला वाटलं होतं, बांगड्या बघते आहे. मग सासूनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं, आणि मग म्हणाली, सहावा देवाचा.

म्हातारीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आखूड हाताची सून आली आहे, उद्या गाव हिला हसेल, हिच्या मापाला नावं ठेवील. आणि तिनं पोरीला तुझा हात आखूड आहे असं एका शब्दानं म्हटलं नाही. देवाला मधे घातलं आणि आयुष्यभर गप्प बसली. घरात उठता-बसता टाकून बोलणारी ती बाई, तिनं एवढी एक गोष्ट बोलली नव्हती.

"माय व, सासूबाई!" झुंबरबाई म्हणाली, आणि भर गर्दीत, चिखलाच्या हातांनी तोंड झाकून रडायला लागली. सात वर्षांमागे रडायला हवं होतं ते सगळं आता रडली. आणि रडता रडता मधेच हसली, कारण चिखल नाकात गेला.

शालू पैलवानाच्या खांद्यावरून घसरत खाली आली आणि आईला बिलगली. "म्या नाही सांगतलं, माय. तुही आन, म्या तोंडातून काढलं नाही."

"हाव व माय, नाही सांगतलं." झुंबरबाईनं तिला कवटाळलं, आणि पोरीचं शाळेचं पोलकं चिखलानं भरलं ते भरलंच. "गुर्जी!"

"हां बाई." गुरुजी जरा दबकतच पुढे आले.

"ते भितीवरचं पुसलं का?"

"नाही, अजून..."

"पुसू नका. अडतीस हाये तं अडतीस. अन् ही उद्यापासून शाळेत येईन. पाचवीचंबी पाहून ठेवा साखरखेर्ड्याचं, इची राह्याची सोय कुठी होते ते. इच्या तोंडाले काम लागते बाप्पा, मळा पुरत नाही इले."

पुंजाजीनं साऱ्या पोरांना गूळ-शेंगदाणे वाटले. सतरा वर्षांचं फुकटचं तोरण त्याला तेवढ्यात स्वस्तच पडलं. अन्नपूर्णाबाई निघता निघता झुंबरबाईजवळ थांबली, पदराच्या टोकानं तिच्या गालावरचा चिखल पुसला आणि म्हणाली, "येतो व." झुंबरबाई म्हणाली, "ये." एवढ्यात मिटलं. बायकांचं पाणी एकाच विहिरीवर असलं की लांबवून चालत नाही.

सव्वीस जानेवारीला गुरुजींनी गावाला शाळेत बोलावलं. भिंतीवर चौसष्ट हातांचे ठसे, प्रत्येकाखाली चार ओळी. सगळ्यांत लहान ठशाखाली शालूचं अक्षर होतं: "हा माझ्या आईचा हात आहे. तो अडतीस सेंटीमीटर आहे. तो पाच म्हणतो आणि सहा देतो. तो आमच्या गावाचा हात आहे." गुरुजींनी ते मोठ्यानं वाचलं तेव्हा झुंबरबाईनं "चाल, काहीच्या काही लिहिते पोट्टी" म्हटलं, आणि निवृत्तीला तीन वेळा ते पुन्हा ऐकवायला लावलं.

पण त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट सांगायची राहिली. शाळेच्या दारासाठी तोरण ओवायचं होतं. मायलेकी ओट्यावर बसल्या होत्या, मधे झेंडूचा ढीग. या खेपेला शालू म्हणाली, "माय, आज मी मोजू?"

झुंबरबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग शालूचा हात धरला, आपलं कोपर तिच्या कोपराला लावलं, आणि दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून पाहत राहिली. पोरीची बोटं आताच आईच्या बोटांना टेकायला आली होती. अजून दोन वर्षांनी पुढे जातील, बापावर गेलेली.

"मोठी झाली का तुह्या हाताले पाच पुरतीन," ती म्हणाली.

"मंग सहावा नाही द्याचा?"

झुंबरबाईनं एक फूल उचललं, त्याचं देठ खुडलं, सुईत ओवलं.

"द्याचा," ती म्हणाली. "तो तुह्या आजीचा."